चावी मिळाली, गाव कधी मिळणार?

दुबईच्या वाळवंटात २००२ नंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींची चर्चा बहुधा इमारतींची उंची आणि चौरस फुटाचा भाव यांभोवतीच फिरते. घराचा ताबा मिळाल्यापासून त्या घराभोवती खरोखरीची वस्ती तयार होईपर्यंत जी वर्षे जातात, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. ती वर्षे कोण सोसतो आणि त्यांचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, याचा हा आढावा.

नव्या वसाहतीत राहायला येणाऱ्या कुटुंबाची पहिली ओळख वाळूशी होते. वायव्येकडून येणारा 'शमाल' वारा सुटला की बंद खिडकीच्या फटीतूनही बारीक धूळ आत येते. सकाळी पुसलेला ओटा दुपारी बोटाने रेघ ओढावी असा होतो. वातानुकूलन यंत्राच्या जाळ्या पुनःपुन्हा धुवाव्या लागतात. शेजारच्या भूखंडावर पायाचे खांब ठोकण्याचे काम सुरू असते, समोर क्रेन उभी असते आणि रस्ता जिथे संपतो तिथे सिमेंटचे अडथळे लावून पलीकडे नुसते वाळवंट पसरलेले असते. घर नवे कोरे असते. लिफ्ट चालते, नळाला पाणी येते. पण दूध आणायला चालत जाता येईल असे दुकान नसते आणि मुलांना शाळेत न्यायची बस कोठे थांबणार, हेही ठरलेले नसते.

संयुक्त अरब अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. दुबईत घर घेणाऱ्या परदेशी नागरिकांमध्ये भारतीय गेली अनेक वर्षे पहिल्या काही क्रमांकांत आहेत. मुंबई-पुण्यातील हॉटेलांत भरणाऱ्या मालमत्ता प्रदर्शनांतून दुबईतील बांधकामाधीन घरांची विक्री होते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येत असल्याने मध्यमवर्गातील वरच्या थरालाही हा व्यवहार आवाक्यातला वाटू लागला आहे. त्यामुळे हा विषय दूरच्या वाळवंटाचा असला तरी मराठी वाचकाला परका नाही.

पत्ता नसलेले घर

दुबईत परदेशी नागरिकांना ठरावीक भागांत मालकी हक्काने घर घेण्याची मुभा २००२ मध्ये देण्यात आली. त्याला रीतसर कायद्याचे रूप २००६ च्या सातव्या कायद्याने मिळाले. या चार वर्षांत समुद्रात बेटे आणि वाळवंटात वसाहती यांचे नकाशे एकापाठोपाठ एक जाहीर झाले. किनाऱ्यालगतचे जुने शहर डेरा, बर दुबई आणि करामा या भागांत दाटीने वसले होते. नव्या वसाहतींसाठी जमीन होती ती आत, वाळवंटाच्या बाजूला. तेथे ना बाजार होता, ना मशीद, ना बसमार्ग. सर्व काही शून्यातून उभारायचे होते.

अशा ठिकाणी पत्ता ही देखील चैनच ठरते. दुबईत घरोघरी टपाल पोचवण्याची पद्धत नव्हती. पत्रव्यवहार टपालपेटीच्या क्रमांकावर चाले आणि घर सांगायचे ते 'अमुक मशिदीमागे', 'तमुक पेट्रोल पंपासमोर' अशा खुणांनी. जुन्या वस्तीत ही पद्धत निभावून जाई. नव्या वसाहतीत मात्र खूण सांगायला काही उभेच नसते आणि आज असलेला वळणरस्ता पुढच्या महिन्यात बंद झालेला असतो. कालांतराने दुबई नगरपालिकेने प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराला दहा अंकी 'मकानी' क्रमांक दिला, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. अरबी भाषेत 'मकानी' म्हणजे 'माझी जागा'. आपल्याकडचा 'मकान' हा शब्द त्याच मुळातून आलेला आहे. पण मकानी क्रमांकाने जागा सापडते. तिथली वस्ती मात्र वसायचीच असते.

इंटरनॅशनल सिटीचा दाखला

शहराच्या पूर्वेला, अल वरसान भागात 'नखील' कंपनीने उभारलेली इंटरनॅशनल सिटी हे या प्रक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. सुमारे ८०० हेक्टरवरील या वसाहतीच्या विभागांना देशांची नावे देण्यात आली: चीन, इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, मोरोक्को, पर्शिया, रशिया, स्पेन. इमारतींच्या दर्शनी भागांवर त्या त्या देशांच्या वास्तुशैलीची नक्कल करण्यात आली. शेजारचा 'ड्रॅगन मार्ट' हा चिनी वस्तूंचा प्रचंड बाजार २००४ मध्ये सुरू झाला. घरे मुख्यतः एका खोलीची किंवा एका शयनगृहाची आणि भाडे शहराच्या मानाने कमी. त्यामुळे हिशेबनीस, विक्री प्रतिनिधी, दुकानांतील कर्मचारी आणि नवविवाहित जोडपी अशा मध्यम मिळकतीच्या वर्गाने येथे घर केले.

पण या वसाहतीच्या शेजारीच अल अवीर येथील सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प होता. त्या वेळी शहराचा सारा भार या प्रकल्पावर पडत होता. अनेक नव्या इमारतींना मलवाहिनी जोडलेली नसल्याने मैला टँकरने वाहून आणला जाई आणि २००८ मध्ये प्रकल्पाबाहेर टँकरच्या तासन्‌तास रांगा लागत. रांगेला कंटाळलेल्या काही टँकरचालकांनी मैला पावसाळी पाण्याच्या गटारांत ओतला. तो वाहत जाऊन जुमेराच्या किनाऱ्यावर पोचला, तेव्हा या प्रश्नाला जगभर प्रसिद्धी मिळाली. किनारा दूषित झाल्याची बातमी झाली. प्रकल्पालगतच्या रहिवाशांना मात्र दुर्गंधीचा त्रास रोजचाच होता आणि त्याची बातमी किनाऱ्याएवढी मोठी कधीच झाली नाही.

या प्रसंगात कोणी एक खलनायक शोधण्यात अर्थ नाही. घरे ज्या वेगाने बांधली गेली, त्या वेगाने मलवाहिन्या टाकल्या गेल्या नाहीत, एवढीच त्याची मेख आहे. घर विकले की लगेच पैसा येतो. मलवाहिनी टाकली की फक्त खर्च होतो. बाजाराच्या हाती क्रम सोपवला की घर आधी आणि मलवाहिनी नंतर, हे ओघानेच येते.

सावलीचे अंतर

समशीतोष्ण देशातील अर्धवट वसाहत आणि वाळवंटातील अर्धवट वसाहत यांत एक मूलभूत फरक आहे. लंडनच्या उपनगरात बसथांबा एक किलोमीटरवर असेल तर रहिवासी छत्री घेऊन चालत जातो. दुबईत जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान नित्याने चाळीस अंशांच्या वर असते. मे २०२५ मध्ये अल ऐनजवळच्या स्वैहान येथे ५१.६ अंश तापमानाची नोंद झाली. अशा उन्हात सावलीविना एक किलोमीटर हे अंतर चालण्याजोगे राहत नाही. साहजिकच झाडे, छत असलेला पदपथ आणि वातानुकूलित बसथांबा या गोष्टी येथे शोभेच्या ठरत नाहीत. त्या नसतील तर रस्ता असूनही नसल्यासारखाच.

याचा फटका कुटुंबातील ज्या व्यक्तीकडे मोटार नाही तिला अधिक बसतो. पती गाडी घेऊन कामावर गेला की नोकरी न करणारी गृहिणी, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील आणि शाळकरी मुले दिवसभर चार भिंतींत अडकतात. जुन्या करामात किंवा बर दुबईत याच आजी-आजोबांना संध्याकाळी खाली उतरून भाजी घेता येते, देवळात जाता येते, मराठी बोलणारे कोणी भेटते. नव्या वसाहतीत त्यांना बागेचे चित्र दिसते ते विक्री कार्यालयाच्या फलकावर.

दुबई प्रशासनाला हे कळत नाही असे मुळीच नाही. मेट्रोची रेड लाइन ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाली, तेव्हा २९ पैकी केवळ १० स्थानके उघडली होती. डिस्कव्हरी गार्डन्स आणि अल फुर्जान या वसाहतींजवळून जाणारा १५ किलोमीटरचा फाटा जानेवारी २०२१ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'दुबई वॉक' आराखड्यात २०४० पर्यंत ६,५०० किलोमीटर पदपथांचे जाळे आणि ११० पादचारी पूल व भुयारी मार्ग अंतर्भूत आहेत. इंटरनॅशनल सिटीलाही अखेर मेट्रो मिळणार आहे. ३० किलोमीटर लांबीच्या आणि १४ स्थानकांच्या ब्लू लाइनचे कंत्राट डिसेंबर २०२४ मध्ये देण्यात आले. खर्च सुमारे साडेवीस अब्ज दिरहम आणि उद्‌घाटनाचे उद्दिष्ट ९ सप्टेंबर २०२९. म्हणजे ड्रॅगन मार्ट सुरू झाल्यापासून २५ वर्षांनी. या पाव शतकात एक पिढी राशिदिया स्थानकापर्यंत बसने आणि तेथून पुढे मेट्रोने असा प्रवास करीत नोकरी करून निवृत्तीला आली.

पाण्याचेही तसेच. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत झालेला पाऊस १९४९ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक होता. अल ऐनजवळ २४ तासांत २५४ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. दुबईतील अनेक वसाहतींत वाहनतळ पाण्याखाली गेले आणि रहिवासी दिवसच्या दिवस अडकून पडले. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी ३० अब्ज दिरहमच्या 'तसरीफ' या पर्जन्यजल निचरा प्रकल्पाला मंजुरी मिळाली. तो २०३३ पर्यंत पूर्ण व्हायचा आहे. म्हणजे मलवाहिनी, मेट्रो, पदपथ आणि आता पर्जन्यवाहिनी, हे सारे आले किंवा येणार आहे. प्रत्येक वेळी ते रहिवासी आल्यानंतर आले, हा मुद्दा आहे.

कायद्याने काय राखले?

२००८ च्या जागतिक आर्थिक संकटात दुबईतील घरांच्या किमती कोसळल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये 'दुबई वर्ल्ड' या सरकारी समूहाने कर्जफेडीला मुदत मागितली आणि डिसेंबरमध्ये अबू धाबीला १० अब्ज डॉलरचा टेकू द्यावा लागला. अनेक प्रकल्प रद्द झाले, अनेक रेंगाळले. ज्यांच्या इमारती पूर्ण झाल्या होत्या, ते शेजारच्या थांबलेल्या सांगाड्यांकडे पाहत राहिले.

खरेदीदाराच्या संरक्षणाचे कायदे या संकटाच्या थोडे आधी झाले होते आणि पुढे त्यांची अंमलबजावणी कडक झाली. २००७ च्या आठव्या कायद्याने ग्राहकांचे पैसे प्रकल्पनिहाय स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक केले. प्रकल्प पूर्ण झाल्यावरही त्यातील पाच टक्के रक्कम एक वर्ष राखून ठेवावी लागते. त्याच वर्षी स्थावर मालमत्ता नियामक संस्था स्थापन झाली. २००८ च्या तेराव्या कायद्याने बांधकामाधीन घरांची नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून कार्यरत झालेल्या 'महारेरा'च्या नियमांत, ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याच्या अटीत, याच विचाराचे प्रतिबिंब दिसते.

हे सर्व कायदे आवश्यक होते आणि उपयोगीही ठरले. परंतु ते राखतात ती इमारत. विक्रीकरारात घराचे क्षेत्रफळ, ताब्याची तारीख आणि हप्त्यांचे वेळापत्रक असते. नकाशावर दाखवलेली शाळा केव्हा सुरू होईल, हे त्यात नसते. दुबईत परदेशी मुलांचे शिक्षण प्रामुख्याने खासगी शाळांत होते. पुरेशी मुले दिसल्याशिवाय खासगी संस्था शाळा काढत नाही आणि शाळा असल्याशिवाय मुले असलेली कुटुंबे राहायला येत नाहीत. दुकान आणि दवाखाना यांचीही गोष्ट हीच. हा तिढा सुटेपर्यंत जे आधीच आलेले असतात, त्यांची मुले पहाटे अंधारात बसमध्ये बसतात. निगा व देखभाल शुल्क मात्र ताबा घेतल्यापासून लागू होते.

आधी येणारे, आधी जाणारे

या साऱ्यात कळीचा प्रश्न येतो तो वसाहत पूर्ण झाल्यानंतर. ब्लू लाइनमुळे स्थानकांलगतच्या जमिनी व मालमत्तांचे मूल्य २५ टक्क्यांपर्यंत वाढेल, असा खुद्द दुबईच्या रस्ते व परिवहन प्राधिकरणाचा अंदाज आहे. घरमालकाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता. पण इंटरनॅशनल सिटीसारख्या वसाहतींत राहणारे मोठ्या संख्येने भाडेकरू आहेत. धूळ, दुर्गंधी आणि बसची वाट त्यांनी सोसली. मूल्यवाढीत त्यांचा वाटा शून्य आहे.

दुबईत भाडेवाढीवर बंधन आहे. २०१३ च्या त्रेचाळिसाव्या आदेशानुसार चालू भाडे परिसरातील सरासरीपेक्षा किती कमी आहे, यावर वाढीची मर्यादा ठरते. तफावत १० टक्क्यांपर्यंत असेल तर वाढ करता येत नाही आणि ४० टक्क्यांहून अधिक असेल तर २० टक्क्यांपर्यंत करता येते. समजा, एखादे कुटुंब वर्षाला ४० हजार दिरहम भाडे देते आणि मेट्रो आल्यावर परिसराची सरासरी ७० हजारांवर गेली. तफावत सुमारे ४३ टक्के झाली. नूतनीकरणाच्या वेळी मालक आठ हजार दिरहम वाढ मागू शकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तफावतीनुसार आणखी वाढ. शिवाय घर विकण्यासाठी किंवा स्वतः राहण्यासाठी हवे असल्यास बारा महिन्यांची रीतसर सूचना देऊन घर रिकामे करून घेण्याचा हक्क त्याला आहेच. नियम न्याय्य दिसतो आणि अचानक होणाऱ्या वाढीपासून तो वाचवतोही. पण सरासरी वाढण्याचे कारण वस्ती वसणे हेच असेल, तर ती वसवण्यात ज्यांचा हातभार लागला त्यांनाच तो हळूहळू बाहेरच्या रिंगणात ढकलतो. बाहेरचे रिंगण म्हणजे पुढची नवी वसाहत, पुन्हा क्रेन आणि पुन्हा वाळू.

याहून कठीण स्थिती बांधणाऱ्यांची. बिहार, तेलंगण, उत्तर प्रदेश, नेपाळ, बांगलादेश येथून आलेले मजूर पहाटे बसमधून येतात आणि संध्याकाळी मुहैस्ना भागातील, भारतीय मजूर ज्याला 'सोनापूर' म्हणतात त्या, किंवा तशाच अन्य कामगार वस्त्यांत परततात. २००५ पासून उन्हाळ्यात दुपारच्या उघड्यावरील कामास बंदी आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात साडेबारा ते तीन या वेळेत त्यांना विसावा द्यावा लागतो. ज्या इमारतीच्या सावलीत ते त्या वेळी पडलेले असतात, तिथे राहायला ते कधीच येणार नसतात.

आपल्याला ओळखीची गोष्ट

नवी मुंबईकरांना यातले काहीच नवे वाटणार नाही. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली, ठाणे खाडीवरचा रस्त्याचा पूल १९७३ मध्ये झाला, पण मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ उजाडले. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पहिली गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. खाडीकाठचा चिखल असो वा वाळवंटातील वाळू, 'आधी राहायला या, सोयी मागून येतील' हे आश्वासन दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की वाशीत तेव्हा घर घेणाऱ्याला तेथे आयुष्य काढायचे होते. दुबईतील रहिवाशाचा मुक्काम व्हिसावर अवलंबून असतो. वीस वर्षांनी येणाऱ्या मेट्रोची वाट पाहण्याइतका काळ आपल्याला मिळेल की नाही, हे त्याला माहीत नसते.

२०२४ मध्ये दुबईत मालमत्तांचे सुमारे २ लाख २६ हजार व्यवहार झाले आणि त्यांचे मूल्य ७६१ अब्ज दिरहम होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अल मकतूम विमानतळाच्या १२८ अब्ज दिरहमच्या नव्या टर्मिनलला मंजुरी देताना, त्याभोवतीच्या दुबई साउथमध्ये दहा लाख लोकांसाठी घरे लागतील, असे शासक शेख मोहम्मद बिन राशिद अल मकतूम यांनी जाहीर केले. म्हणजे इंटरनॅशनल सिटीचा अनुभव दक्षिणेच्या वाळवंटात पुन्हा, आणि मोठ्या प्रमाणावर, घेतला जाणार आहे.

यावर उपाय अवघड नाही, खर्चिक मात्र आहे. विश्वस्त खात्यातील राखीव रक्कम जशी इमारतीतील दोषांसाठी ठेवली जाते, तशीच सावलीचा पदपथ, बससेवा आणि पहिली शाळा यांसाठी ठेवता येईल. ताबा देण्याची परवानगी या गोष्टींच्या पूर्ततेशी जोडता येईल. शाळा भरेपर्यंतची पहिली दोन-तीन वर्षे तिला अनुदान देता येईल. असे केले तर घरे उशिरा विकली जातील आणि थोडी महागही होतील. आज हाच खर्च रहिवासी भरतो, फक्त तो किमतीत न दिसता त्याच्या आयुष्यातील वर्षांत दिसतो.

तोपर्यंत खरेदीदाराने आणि भाडेकरूनेही आपल्यापुरती एक खबरदारी घ्यावी. विक्री कार्यालयातील नकाशावर शाळा, बसथांबा आणि झाडांची रांग असतेच. त्यांतल्या प्रत्येकापुढे तारीख लिहिली आहे का आणि ती पाळली नाही तर उत्तर कोण देणार, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.